"उद्या पाणी येणार नाही म्हणे!" : २० माणसं, एक अफवा आणि थिजलेला लॅपटॉप

निवांत_नाना (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, विषय जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत दर पंधरा दिवसांनी "उद्या पाणी येणार नाही" अशी अफवा उठते. मग निम्मे लोक पिंपं, बादल्या, कुकर, हाताला लागेल ते भरून ठेवतात, दुसऱ्या दिवशी पाणी येतं, भरलेलं ओतून देतात आणि चार दिवसांनी तीच माणसं पुन्हा फसतात. रिटायर्ड माणसाला दुसरा उद्योग काय, नातवाने पायथन शिकवलंय, म्हटलं याचं गणित मांडून बघू. २० माणसं घेतली, कोण कोणाशी बोलतं त्याचं जाळं काढलं. नियम दोनच. अफवा मानणारा आपल्या ओळखीच्या न मानणाऱ्याला ठराविक वेगाने पटवतो, आणि मानणारा ठराविक वेगाने आपोआप भानावर येतो. नेमकं कधी, ते फाशांवर. भानावर आलेला पुन्हा फसू शकतो.

दिसायला पोरखेळ. पण प्रत्येकजण एकतर मानतो नाहीतर मानत नाही, म्हणजे २० जणांच्या मिळून २ चा २० वा घात, १०,४८,५७६ अवस्था झाल्या. प्रत्येक अवस्थेतून दुसऱ्या प्रत्येक अवस्थेत जायच्या वेगाचं कोष्टक करायचं. लहानापासून सुरुवात केली, १२ माणसं झाली, १३ झाली, १४ झाली, चाललं. १५ ला माझा ८ जीबीचा लॅपटॉप विमानासारखा घरघरला आणि जो थिजला तो बटण दाबूनच बंद करावा लागला. नातू म्हणतो आजोबा, २० माणसांचं कोष्टक ठेवायला साधारण ८,८०० जीबी लागतील. वीस माणसांना!

तर माझा प्रश्न असा की लाखांच्या शहरात साथीचं, अफवेचं गणित करणारे लोक करतात काय? काहीतरी टाकून देत असणार. काय टाकलं तर चालतं आणि काय टाकलं की उत्तरच खोटं होतं?

पॉपकॉर्न_पाटील
पहिला! बसतो आता कोपऱ्यात.

मिसळ_जास्त_तर्री
नाना, अफवा कोण उठवतं माहीत नाही म्हणता? ज्याच्या घरी टाकी सगळ्यात मोठी तो. गणित संपलं.

रात्रपाळी
नाना, तुमचा घोळ गणितात नाही, कोष्टक ठेवण्यात आहे. एका क्षणी एकच माणूस बदलतो ना? मग प्रत्येक अवस्थेतून बाहेर जायला २० च दारं आहेत, बाकी सगळं कोष्टक शून्यांनी भरलेलं. शून्यं कशाला साठवता? 'स्पार्स मॅट्रिक्स' शोधा. साधारण २ कोटी आकडे राहतील, तुमच्या लॅपटॉपात आरामात बसेल.

पण हा तात्पुरता उपाय हां. ३० माणसांना १०७ कोटी अवस्था होतात, तिथे शून्यं टाकूनही भागत नाही. तेव्हा कोष्टकाचा नादच सोडा आणि सरळ खेळ खेळून बघा. पुढची घटना किती वेळाने होणार याचा एक फासा, कोणती होणार याचा दुसरा. गिलेस्पी नावाच्या माणसाने १९७७ च्या आसपास रासायनिक अभिक्रियांसाठी हे वापरात आणलं, तेच इथे चालतं. एक लाख माणसं असली तरी जमतं. हजार वेळा खेळा, सरासरी काढा, झोपा.

खडूस_सांख्यिकी
@रात्रपाळी, खेळून बघणं म्हणजे समजून घेणं नव्हे. हजार वेळा खेळलात आणि लाखात एकदा होणारी गोष्ट दिसलीच नाही, तर ती होत नाही असं म्हणणार का? शिवाय पटवायचा वेग जरा बदलला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नानांचा प्रश्न चांगला आहे, पण आधी नानांनी एक सांगावं. तुम्हाला जाणून काय घ्यायचंय? *कोण* मानतंय, की *किती* मानतायत?

निवांत_नाना
किती. कोण ते मला पाठ आहे :)

खडूस_सांख्यिकी
मग तुम्ही नको ती माहिती सांभाळताय. समजा वीसच्या वीस जण एकमेकांशी सारखेच बोलतात. मग जोशी-कुलकर्णी मानतायत की पवार-शिंदे, यानं पुढच्या गोष्टीत काडीचा फरक पडत नाही. 'दोघं मानतायत' एवढी एकच अवस्था पुरते. ० पासून २० पर्यंत, २१ अवस्था. दहा लाखांच्या एकवीस झाल्या, आणि हे अंदाजपंचे नाही, उत्तर तंतोतंत तेच येतं.

याला गठ्ठे बांधणं म्हणा. केमेनी आणि स्नेल यांच्या १९६० च्या मार्कोव्ह चेनवरच्या (पुढचं पाऊल फक्त आत्ताच्या अवस्थेवरून ठरतं असा फाशांचा खेळ, तुमचा आहे तसाच) पुस्तकात कधी गठ्ठा बांधता येतो याची अट आहे. एका गठ्ठ्यातल्या कुठल्याही अवस्थेतून निघालात तरी दुसऱ्या गठ्ठ्यात जायचा एकूण वेग सारखाच पाहिजे. जाळ्यात जी माणसं एकमेकांच्या जागी अदलाबदल केली तरी चित्र बदलत नाही, ती एका गठ्ठ्यात घालता येतात. जाळ्याची सममिती तेवढी तुमची बचत.

चांदणीसारखं जाळं घ्या, मध्ये एक सेक्रेटरी आणि बाकी १९ जण फक्त त्याच्याशी बोलणारे. सेक्रेटरी मानतो की नाही, २ शक्यता, बाकीच्यांतले किती मानतात, २० शक्यता. ४० अवस्था. बास.

अर्धवट_भौतिकी
खडूसराव, सगळं बरोबर, पण खरं जाळं कधी एवढं सुबक असतं का हो? खऱ्या गावात कोणाची ओळख कोणासारखी नसते. सममिती शून्य, म्हणजे गठ्ठे शून्य, म्हणजे परत दहा लाख.

आम्ही लोक निर्लज्जपणे सरासरी घेतो. प्रत्येक माणसाला एकच आकडा, तो मानत असण्याची संभाव्यता. आणि जोशी मानतोय आणि कुलकर्णी मानत नाही याची संभाव्यता काढायची झाली की दोन आकड्यांचा सरळ गुणाकार, जणू दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. मीन-फील्ड. दहा लाख समीकरणांच्या जागी वीस. गावात लाख माणसं असली तर लाख समीकरणं, कंप्युटरला काहीच नाही.

खडूस_सांख्यिकी
"जणू संबंधच नाही." जाळं काढायचं ते संबंध दाखवायला, आणि पहिलं काम काय तर संबंध नाही असं धरायचं. वा.

अर्धवट_भौतिकी
:) चालतं म्हणून करतो.

बबडूची_आई
सगळं डोक्यावरून. कोणी मराठीत सांगेल का?

ठाणेकरीण
@बबडूची_आई, मी प्रयत्न करते, चुकलं तर वरचे दोघं आहेतच भांडायला.

आंब्यांचं बघ. एक पाटी भरून आंबे आहेत आणि एक नासका आहे. पाटी जर तू दिवसातून दहा वेळा हलवून खालीवर करत असशील, तर कुठला आंबा नासका याला अर्थ नाही, सगळे सगळ्यांना लागतायत, फक्त किती नासके ते मोजायचं. आता तेच आंबे अढीत गवतावर ओळीने लावलेत आणि कोणी हात लावत नाही. तर नासक्याच्या शेजारचाच नासणार. पण शेजारचे दोन आधीच नासले असले तर मधला बिचारा आणखी कोणाला नासवणार? त्याची ताकद वाया. भौतिकीवाले दादा अढीतल्या आंब्यांचं गणित हलवलेल्या पाटीसारखं करतात. म्हणून त्यांच्या हिशोबात आंबे जास्त नासतात. बरोबर ना?

(हे आंबे नासून भानावर येत नाहीत हा फरक आहे, पण असो.)

अर्धवट_भौतिकी
दंडवत. आमच्या सरांनी हे दोन लेक्चर घेऊन सांगितलं होतं.

डेल्फ्टात_भिजलेली
ठाणेकरीण ताई, एकदम बरोबर. मी याच विषयात डोकं घालून बसलेय म्हणून राहवत नाही. एकाने मानलं तर त्याच्या ओळखीच्याने मानलं असण्याची शक्यता वाढते, कमी होत नाही. त्यामुळे आपण गुणाकार केला की 'एक मानतो, शेजारी मानत नाही' अशा जोड्या आहेत त्यापेक्षा जास्त मोजल्या जातात. म्हणजे सरासरीचं गणित नेहमी वरच्या बाजूला चुकतं. हे सिद्ध झालेलं आहे. आणि ते बरंच आहे, किती चुकलं माहीत नसलं तरी कुठल्या बाजूला चुकलं ते माहीत आहे.

नानांसाठी त्यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. अफवा टिकेल की विझेल याचा उंबरठा. जाळ्याचं मॅट्रिक्स मांडा (ओळख असेल तर १, नसेल तर ०), त्याची सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू काढा (मॅट्रिक्समधून निघणारा एक आकडा, जाळं जेवढं दाट तेवढा मोठा; कंप्युटर काढून देतो). पटवायचा वेग भागिले भानावर यायचा वेग हा आकडा जर १ भागिले त्या आयगेनव्हॅल्यूपेक्षा कमी असेल तर अफवा पटकन विझते. सगळ्या जाळ्याचा एक आकडा! २० जण सगळे सगळ्यांशी बोलत असतील तर आयगेनव्हॅल्यू १९. चांदणी असेल तर १९ चं वर्गमूळ, ४.३६. सगळे गोल उभे राहून फक्त दोन्ही शेजाऱ्यांशी बोलत असतील तर २.

खडूस_सांख्यिकी
@डेल्फ्टात_भिजलेली, गोलाचं उदाहरण काढलंतच तर पूर्ण सांगा. सरासरीवाल्यांचा उंबरठा तिथे ०.५ येतो. लांबच लांब ओळीत खरा उंबरठा किती?

डेल्फ्टात_भिजलेली
सांगते ना, लपवत नाहीये :) साधारण १.६५. तिपटीपेक्षा जास्त चूक. हॅरिसने १९७४ साली मांडलेला हा प्रश्न, आणि हा १.६५ सुद्धा कंप्युटरवर काढलेला आकडा आहे, त्याचं नीटनेटकं सूत्र नाही.

मधली वाट आहे. एकेका माणसाऐवजी जोड्या सांभाळायच्या. जोशी-कुलकर्णी दोघं मानतात, एक मानतो, कोणीच नाही. आणि तीन माणसांचा प्रश्न आला की तो जोड्यांमधून जोडून द्यायचा. ओळीत हे केलं की उंबरठा १ येतो. म्हणजे ०.५, मग १, आणि खरा १.६५. प्रत्येक पायरीला थोडं जास्त लक्षात ठेवायचं, थोडं जास्त खरं मिळवायचं.

उलट जिथे प्रत्येकाच्या खूप ओळखी आहेत तिथे सरासरी मस्त चालते. शंभर जणांच्या गलक्यात एकाचं नशीब दुसऱ्यात बुडून जातं.

पॉपकॉर्न_पाटील
पॉपकॉर्न संपलं, शेंगदाणे आणतो.

गावठी_डॉक्टर
मोठा प्रतिसाद आहे, माफी असावी. या विषयाचा धागा आणि मुंबईचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटलं.

साथीच्या गणितातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध पेपर १९२७ चा, केरमॅक आणि मॅककेंड्रिक यांचा. त्यातला आलेख कुठला आहे? मुंबईचा. प्लेग मुंबईत १८९६ ला आला, पण त्यांनी आकडे घेतले १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या दर आठवड्याच्या मृत्यूंचे. दोघंही भन्नाट माणसं. मॅककेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा डायरेक्टर होता, आणि गणिताचा नाद त्याला रोनाल्ड रॉसच्या सहवासात लागला, तोच सिकंदराबादला डासात मलेरियाचे जंतू शोधणारा. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याचे दोन्ही डोळे गेले, त्यानंतर तीन वर्षांनी हा पेपर.

त्यांनी अख्ख्या मुंबईचं काय केलं? ठाणेकरीण ताईंची हलवलेली पाटी. मांडवीची चाळ आणि मलबार हिलचा बंगला एकच, सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात. तीन समीकरणं, त्यांचंही पुढे आणखी सोपं रूप करून एकच सूत्र: आठवड्याचे मृत्यू म्हणजे ८९० गुणिले एका हायपरबोलिक सेकंटचा (घंटेसारखा दिसणारा एक वक्र) वर्ग. काढलेली रेघ आणि खरे ठिपके असे काही जुळतात की बघत राहावं.

आता गंमत. प्लेग माणसामाणसांतून असा पसरतच नव्हता. उंदीर, उंदरांच्या पिसवा आणि मोसम. मुंबईत तो दरवर्षी त्याच सुमारास चढायचा आणि उतरायचा, यात माणसं 'संपल्यामुळे' साथ ओसरली असं समीकरण म्हणतं ते खरं नव्हे. २०१२ साली बाकाएर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने हे सगळं नीट उलगडून दाखवलं. म्हणजे शंभर वर्षं विद्यार्थ्यांना दाखवलेला तो सुंदर आलेख चुकीच्या कारणाने जुळलेला. सूत्राला घंटेसारखा आकार पाहिजे होता, मोसमानेही घंटेसारखाच आकार दिला.

तर नाना, काय टाकलं तर चालतं याचं एक उत्तर: तुमची रेघ ठिपक्यांवर बसली म्हणून टाकलेलं बिनकामाचं होतं असं नाही.

रात्रपाळी
बापरे डॉक्टर. हे माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसात असले जुळलेले आलेख दाखवून प्रमोशनं घेतलीत लोकांनी.

अर्धवट_भौतिकी
डॉक्टर, मान्य. पण त्या पेपरातली उंबरठ्याची कल्पना खरी ठरली ना? पुरेशी माणसं बाधित व्हायच्या लायकीची नसली तर साथ पेटतच नाही. उदाहरण चुकलं, कल्पना टिकली.

गावठी_डॉक्टर
टिकली. त्यात वाद नाही. आणि मॅककेंड्रिकला फाशांची भानगड चांगली कळत होती हो. १९२६ चा त्याचा दुसरा पेपर बघा. भारतातल्या एका गावातली कॉलऱ्याची साथ, २२३ घरं. १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन, एका घरात चार. त्याने म्हटलं, शून्यवाली घरं फारच जास्त झाली. एक-दोन-तीन रुग्णवाल्या घरांच्या प्रमाणावरून हिशोब केला तर निव्वळ नशिबाने वाचलेली घरं ३७-३८ च असायला हवीत. मग बाकीची १३० घरं? ती या खेळातच नव्हती. साधारण ९३ घरांचं गाव वेगळं, बाकीचं वेगळं. चौकशी केली तर एक दूषित विहीर निघाली, गावातला ठराविक भागच तिचं पाणी पीत होता.

जाळं न बघता जाळं कुठे तुटलंय ते सापडलं. मला हे प्लेगच्या आलेखापेक्षा कितीतरी भारी वाटतं.

ठाणेकरीण
विहीर!! अंगावर काटा आला.

मिसळ_जास्त_तर्री
शेवटी पाण्यावरच आलो ना. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, टाकी बघा.

निवांत_नाना
मंडळी, दोन दिवस वाचतोय आणि वहीत लिहून घेतोय. डॉक्टरांचा प्रतिसाद सौंनाही वाचून दाखवला.

खडूसरावांचं ऐकून जाळं पुन्हा नीट काढलं. आमच्याकडे तीन विंग. ए मध्ये ७ जण, बी मध्ये ६, सी मध्ये ६. एका विंगमधले सगळे आपापसात बोलतात, दुसऱ्या विंगशी मात्र कोणी बोलत नाही (पार्किंगवरून, मोठी कथा आहे). आणि एक सेक्रेटरी, तो सगळ्यांशी बोलतो. झाले २०. आता गठ्ठे: सेक्रेटरी २, ए विंग ० ते ७ म्हणजे ८, बी ७, सी ७. २ गुणिले ८ गुणिले ७ गुणिले ७, एकूण ७८४ अवस्था. दहा लाखांच्या जागी ७८४! लॅपटॉपने हूं की चूं न करता उत्तर दिलं. मी आनंदाने नातवाला हाक मारली तर तो म्हणाला, आजोबा, ए विंगचे देशपांडेकाका आणि सी विंगच्या काकू बहीण-भाऊ आहेत, विसरलात का, रोज फोनवर असतात.

पडलं की हो सगळं!

खडूस_सांख्यिकी
नाही पडलं. दोघांना गठ्ठ्यातून बाहेर काढा, एकेकटे ठेवा. सेक्रेटरी २, काका २, काकू २, ए मधले उरलेले सहा म्हणजे ७, बी ७, सी मधले उरलेले पाच म्हणजे ६. एकूण २,३५२. अजूनही किरकोळ. अशा किती जोड्या आहेत त्यावर पुढचं. पंधरा-वीस भावाबहिणी निघाले तर मात्र माझ्याकडे येऊ नका, अर्धवटांकडे जा.

अर्धवट_भौतिकी
आलात शेवटी दारात :)

डेल्फ्टात_भिजलेली
मी उगाच तुमच्या जाळ्याची आयगेनव्हॅल्यू काढली (बाहेर पाऊस, करणार काय). काका-काकूंची रेघ सोडून, ७.८८. सेक्रेटरीला काढून टाकलं की उरते ६, म्हणजे एकट्या ए विंगची. उंबरठा ०.१२७ वरून ०.१६७ वर जातो. एक माणूस गप्प बसला तर तेवढा फरक.

दुसरी एक सोपी पद्धत आहे, पास्तोर-सातोरास आणि व्हेस्पिन्यानी यांनी २००१ साली कंप्युटर व्हायरससाठी मांडलेली. कोण कोणाशी जोडलाय हे विसरायचं, प्रत्येकाच्या ओळखी किती एवढंच ठेवायचं. मग आयगेनव्हॅल्यूच्या जागी येतो ओळखींच्या वर्गांची सरासरी भागिले ओळखींची सरासरी. तुमच्या सोसायटीत तो आकडा ८.११, खऱ्या ७.८८ च्या अगदी जवळ. छान. पण चांदणीत करा, येतं १०, आणि खरी आयगेनव्हॅल्यू ४.३६. का? कारण ही पद्धत धरते की जाळं ओळखींचा आकडा सांभाळून बाकी आंधळेपणाने जोडलंय. चांदणीत तसं नाहीये.

ठाणेकरीण
थांब थांब, वर्गांची सरासरी भागिले सरासरी... हे ते मित्रांच्या मित्रांचं प्रकरण ना? 'तुमच्या मित्रांना तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात' वालं?

डेल्फ्टात_भिजलेली
तेच! स्कॉट फेल्ड, १९९१. नानांकडे माणशी सरासरी ओळखी ७, पण ओळखीच्या माणसाच्या ओळखी सरासरी ८.११, कारण सेक्रेटरी सगळ्यांच्याच यादीत येतो. यावरून २००३ मध्ये एक झकास युक्ती निघाली: लस थोडीच आहे आणि गावाचं जाळं माहीत नाही, तर कोणालाही पकडा, त्याला त्याच्या एका ओळखीच्याचं नाव विचारा आणि लस त्या ओळखीच्याला द्या. जाळं न काढता बरोबर मोठ्या वर्तुळाची माणसं सापडतात.

बबडूची_आई
हे कळलं! आमच्या भिशीत एकच बाई सगळ्यांच्या ओळखीची आहे, तिला आधी सांगितलं की संपलं.

रात्रपाळी
एक शंका. नानांच्या खेळात कधीतरी योगायोगाने सगळे एकदम भानावर आले तर? मग पटवायला कोणीच उरलं नाही. अफवा कायमची मेली. मी आत्ता खेळून बघितलं, दरवेळी शेवटी शून्यच. मग हा 'टिकते'वाला उंबरठा कसला?

खडूस_सांख्यिकी
वाटच बघत होतो कोणी विचारतंय का. बरोबर आहे तुमचं. मर्यादित माणसं असतील तर खरं उत्तर नेहमी हेच, कधी ना कधी शून्य. सरासरीवाले म्हणतात उंबरठ्यावर असाल तर कायम टिकेल. ते फासे फेकूनच देतात, त्यामुळे वाईट योगायोग त्यांच्या जगात नाही.

अर्धवट_भौतिकी
पण किती वेळाने शून्य, ते सांगा की खडूसराव. उंबरठ्याच्या बऱ्यापैकी वर असाल तर तो वेळ माणसांच्या संख्येबरोबर घातांकाने वाढतो. वीस जणांत चार महिने लागत असले तर दोनशे जणांत सूर्य विझेल तरी अफवा चालू. 'कायम' आणि 'विश्वाच्या अंतापर्यंत' यात फरक फक्त तुमच्यासारख्यांना दिसतो.

खडूस_सांख्यिकी
आणि नानांकडे वीसच माणसं आहेत, म्हणून नानांना दिसतो.

डेल्फ्टात_भिजलेली
दोघांनाही एक-एक गुण. पण ती नुसती ओळखी मोजायची सोपी पद्धत उलट्या बाजूनेही तोंडावर पडलेली आहे. काही जाळ्यांत थोड्यांच्या प्रचंड ओळखी असतात, बहुतेकांच्या दोन-चार. ओळखी-मोजणीची पद्धत म्हणायची, प्रचंड ओळखीवाले फारच विरळ असतील तर उंबरठा शून्य नसतो. २००९ मध्ये शीर्षेंदु चॅटर्जी आणि रिक ड्युरेट यांनी सिद्ध केलं की मोठमोठ्या जाळ्यांत तरीही तो शून्याकडेच जातो, पटवायचा वेग कितीही कमी ठेवा. कारण एक मोठा ओळखीवाला आणि त्याच्या भोवतीची माणसं मिळून चांदणी होते. तो भानावर आला की आधी फसवलेल्यांतलं कोणीतरी त्याला पुन्हा फसवतं. ती चांदणी एकटीच अफवा इतका वेळ धगधगत ठेवते की तेवढ्यात ती दुसऱ्या चांदणीपर्यंत पोचते. नेमकी ही उलटसुलट देवाणघेवाण त्या पद्धतीने टाकून दिली होती.

मिसळ_जास्त_तर्री
अवांतर: सोसायटीचा रंग कोणता द्यायचा यावर आमच्याकडे आठ महिने चर्चा चालू आहे. त्याचं गणित आहे का?

खडूस_सांख्यिकी
आहे, आणि फार गोड आहे. समजा लोकांना स्वतःचं मत नाही, अधूनमधून प्रत्येकजण आपल्या एखाद्या ओळखीच्याचं मत उचलतो. कोणीही, फाशाने. शेवटी एकच रंग उरणार. पिवळा जिंकण्याची संभाव्यता किती? दहा लाख अवस्थांची गरजच नाही. आज पिवळा म्हणणाऱ्यांच्या ओळखींची बेरीज करा, सगळ्यांच्या ओळखींच्या बेरजेने भागा. संपलं. कुठलंही जोडलेलं जाळं असो, तंतोतंत, गुणाकाराची चलाखी नाही. कारण ओळखींनी वजन दिलेली मतांची बेरीज सरासरीत बदलतच नाही, एका बाजूने जेवढी जाते तेवढी दुसऱ्या बाजूने येते.

नानांच्या जाळ्यात एकूण बेरीज १४०. सेक्रेटरीचे १९, म्हणजे एकट्याचं वजन साडेतेरा टक्के. ए विंगवाल्याचं ५ टक्के, बी आणि सीवाल्याचं ४.३. आणि चांदणीत? २० जणांची असो की २०० ची, एकट्या सेक्रेटरीला पिवळा हवा आणि बाकी सगळ्यांना निळा, तरी पिवळा जिंकायची शक्यता निम्मी.

पॉपकॉर्न_पाटील
निम्मी???

खडूस_सांख्यिकी
करून बघा. १९९ जणांची मिळून बेरीज १९९, त्याची एकट्याची १९९.

मिसळ_जास्त_तर्री
आमचा सेक्रेटरी हा धागा वाचत नसू दे रे देवा.

निवांत_नाना
सगळ्यांचे आभार. २,३५२ अवस्थांचं गणित चाललं, त्यात एक 'बाहेरून उठणारी अफवा' अशी वेगळी दारं टाकली, कारण रात्रपाळींनी म्हटल्याप्रमाणे नाहीतर सगळं शेवटी शून्यावर जातं आणि आमच्याकडे तर दर पंधरा दिवसांनी पुन्हा उठते. म्हणजे बाहेरून येत असणार. मग डॉक्टरांची विहीर आठवली. साडेपाच महिन्यांचा सोसायटीचा ग्रुप वर सरकवून बघितला, पहिला मेसेज दरवेळी कोणाचा ते. कोण कोण फसलं हे पाठ असल्याच्या गर्वात पहिला कोण ते कधी बघितलंच नव्हतं. अकरा वेळा उठली. त्यातले नऊ मेसेज एकाच विंगमधून, आणि त्या नऊपैकी आठ एकाच घरातून.

ते घर कुणाचं ते इथे लिहीत नाही. सौंनी सांगितलंय की त्या बहिणीशी त्यांचं चांगलं आहे.

मिसळ_जास्त_तर्री
नाना, टाकी केवढी आहे तेवढं तरी सांगा.

निवांत_नाना
दोन हजार लिटर.